खेळ मांडून देऊ नका, कामात घ्या

पत्र: बाई, आम्ही सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' या भागात राहतो. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलाला नुकतीच तीन पूर्ण झाली. मुलगी मोठ्या गटात जायची. रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडायची आणि संध्याकाळी चार-चार पानं लिहायला घेऊन यायची. दिवाळीनंतर तिला घरीच ठेवलंय, मीच शिकवते. मोबाईलवर बघून रोज एक-दोन ॲक्टिव्हिटी तयार करते. रंगवलेले तांदूळ, पुठ्ठ्याचे आकार, कापडाचे अंक. रात्री बारा-बारापर्यंत कापाकापी चालते आणि सकाळी मुलं पाच मिनिटांत ते उधळून मोकळी होतात. घरभर तांदूळ. सासूबाई म्हणतात, "अन्नाची नासाडी अन् नुसता खेळ. पोरगी अडाणी राहणार." लिहायला बसवलं की ती पेन्सिल फेकते. मला महिनाभराची यादी द्या, रोज काय करून घ्यायचं त्याची. आणि एक सांगा, माझं चुकतंय का? – एक आई

उत्तर:

रोज रडत जाणाऱ्या लेकीला तुम्ही घरी ठेवलंत, यात तुमचं काही चुकलेलं नाही. तिचं पोट आता दुखायचं थांबलं असेल तर उत्तर तिनेच दिलंय. अजून दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या, ते अंगावर काढू नका.

तांदळाच्या बाबतीत मात्र मी सासूबाईंच्या बाजूची आहे. ज्या घरात ताटाखाली सांडलेलं शीत उचलून ठेवतात, त्या घरात मूठमूठ तांदूळ निळे-हिरवे करून केरात जाताना बघणं जिवावर येतं. आणि मुलांनाही ते कळतं. एरवी "अन्न टाकू नये" म्हणणारी माणसं आज टाकतायत, मग नेमकं खरं काय, असा गोंधळ त्यांच्या मनात होतोच.

महिनाभराची यादी मी देणार नाही. यादी दिली तर तुमच्या तीस रात्री आणखी जातील. मुलं पाच मिनिटांत का उठतात, ते आधी बघा. रंग कुठला द्यायचा हे तुम्ही ठरवलंत. मोजलंत तुम्ही, कापलंत तुम्ही, आकाराला आकार जुळतोय का ते करून पाहिलंत, चुकलं तिथे पुन्हा कापलंत. शिकण्यासारखं जे होतं ते सगळं रात्री अकरा वाजता तुमच्या हातून होऊन गेलं. मुलीच्या वाट्याला सकाळी उरलं ते फक्त गोल खाचेत गोल बसवणं. त्याला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

मी बालवाडीला लागले तेव्हा पहिलं वर्ष मीही असंच काढलं. मग तिथल्या जुन्या मदतनीस मावशी एका दुपारी हरभरे निवडायला बसल्या आणि माझी निम्मी बालवाडी त्यांच्या भोवती जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. चाळीस मिनिटं एकही मूल उठलं नाही. माझी चित्रांची कार्डं चटईवर तशीच पडून होती. त्या दिवशी मला जे दिसलं तेच आज तुम्हाला सांगते: घरात खरं काम चाललेलं असतं, त्यातला मुलाच्या हाताला झेपेल तेवढा भाग त्याला द्यायचा, आणि तेच काम पुष्कळ दिवस चालू ठेवायचं. रोज नवीन काही लागत नाही.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी या खेड्यात बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली. मुलं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तुमच्याकडे तर अंगणही आहे आणि मुलंही तिथेच आहेत.

संक्रांत तोंडावर आली आहे, तेव्हा शेंगांपासूनच सुरुवात करू. शेंगाची पोळी तुमच्याकडे होणारच. दाणे विकत आणू नका, किलोभर वाळलेल्या शेंगा आणा. मुलीला मांडी घालून समोर बसवा, मध्ये ताट ठेवा. शेंग अंगठा आणि दोन बोटांत धरून टोकाशी दाबली की कट्‌कन फुटते. त्याच तीन बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. पहिल्या दिवशी तिच्याच्याने दहा-बारा शेंगा होतील, बोटं दुखतील. आठव्या दिवशी ती गप्पा मारत मारत फोडत असेल.

दोन-तीन दिवस नुसतंच फोडू द्या. मग सहज म्हणा, "यात किती निघाले गं?" फरशीवर खडूने तीन घरं आखा. एक दाणा निघालेलं टरफल पहिल्या घरात, दोनवालं दुसऱ्यात, तीनवालं तिसऱ्यात. टरफलं एकापुढे एक ओळीने लावायची. थोड्या वेळात दोनची रांग लांब जाते आणि बाकीच्या दोन मागे राहतात. ती स्वतःच ओरडून सांगेल, "दोनच जास्त आहेत!" पुढे शाळेत मुलं वहीत जो स्तंभालेख काढतात तो हाच. तुम्ही त्याचं नाव काढू नका. दुसऱ्या दिवशी फोडायच्या आधी फक्त विचारा, "आज कुठली रांग लांब होईल?"

कपड्यांच्या हँगरला दोन्ही टोकांना दोन सारख्या वाट्या दोऱ्याने टांगा, झाला तराजू. एकीकडे वाटीभर टरफलं, दुसरीकडे वाटीभर दाणे. वाट्या दोन्ही भरलेल्या, तरी एक खाली जाते. साडेपाच वर्षांच्या मुलीला हे फार मोठं नवल असतं, तिला ते पुरतं बघू द्या. तुम्ही दाणे भाजा, गार झाले की ती चोळून सालं काढेल, सासूबाई सुपात घेऊन पाखडतील. सालं उडतात आणि दाणे सुपात राहतात, ते का? उत्तर तुम्ही देऊ नका. हँगरच्या तराजूशी खेळलेली मुलगी दोन-चार दिवसांत ते उत्तर स्वतः घेऊन येईल. उरलेल्या दाण्यांची चटणी खलबत्त्यात कुटा. वीस घाव तिचे, वीस तुमचे. कुटता कुटता चटणी तेलकट होऊन खलाला चिकटायला लागते. आपण तेल घातलंच नव्हतं, मग ते आलं कुठून?

इथेच एक कळकळीचं सांगणं. धाकट्याला अख्खा दाणा खायला देऊ नका. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात शेंगदाणा, फुटाणा, हरभरा अडकून श्वास कोंडू शकतो. कूट द्या, चटणी द्या, पोळी द्या. सोलापूरच्या घरात हे पाळणं अवघड आहे हे मला माहीत आहे, तरी पाळा. खाताना बसूनच खायचं, पळताना आणि हसताना तोंडात काही नको. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हरभरा नाकात घातला होता. घाबरून त्याने दोन तास कुणाला सांगितलं नाही, ओलाव्याने तो फुगला आणि शेवटी दवाखान्यात नेऊन काढावा लागला. मी चार हात अंतरावर होते, तरी मला दिसलं नाही. तेव्हापासून तीन वर्षांच्या मुलाच्या हाती बारीक धान्य द्यायचं तर मोठं माणूस शेजारी, डोळ्यांसमोर, हे मी कधी मोडलं नाही. धाकट्याला शेंगा न फोडता या टोपलीतून त्या टोपलीत चिमट्याने टाकायला द्या. त्याला तेवढं खूप आहे.

आता सासूबाई. "अडाणी राहणार" म्हणणाऱ्या माणसाला पटवून सांगत बसण्यापेक्षा शिकवायलाच बसवावं. भाकरी त्या थापत असतील तर त्या अर्ध्या तासाच्या शिक्षिका त्या, तुम्ही मध्ये यायचं नाही. लेकीला लिंबाएवढा गोळा आणि एक छोटी ताटली. ज्वारीचं पीठ गरम पाण्यातच का भिजवायचं, हे सासूबाईंना हाताने माहीत आहे: गार पाण्यात भिजवलं तर थापताना कडा फाटतात. हे मुलीला दोन्ही तऱ्हेने करून बघू द्या. शेजारी गव्हाच्या कणकेचा गोळा ठेवा आणि दोन्ही ओढून बघायला सांगा. कणीक रबरासारखी ताणली जाते, ज्वारी तुटते. गव्हात चिकाचा जो भाग असतो तो ज्वारीत नसतो, म्हणून ज्वारीला गरम पाण्याने चिकटपणा आणावा लागतो. हे पाठ करायचं ज्ञान नाही, तिच्या बोटांना ते कळलेलं असेल. कडक भाकरी घरी करत असाल तर ताजी भाकरी तराजूत एकदा तोलून ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा तोला. भाकरी तीच, मग हलकी का झाली? तवा आणि गॅस अर्थातच मोठ्यांचा, तिची जागा तव्यापासून हातभर लांब.

आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, याचा त्रास सगळ्यांनाच आहे. पण पाणी यायचा दिवस लहान मुलांसाठी फार कामाचा असतो. एका कळशीत किती तांबे, एका पिंपात किती कळशा, हे आधी अंदाजाने सांगायचं आणि मग भरताना मोजायचं. एका लांब काठीवर तळापासून बोटा-बोटाच्या अंतरावर खुणा करा. रोज संध्याकाळी तुम्ही काठी पिंपात बुडवा आणि कुठवर ओली झाली ते मुलीने बघून भिंतीवरच्या कागदावर रेघ मारावी. "आज धुणं धुतलं म्हणून दोन बोटं जास्त गेलं" असं ती म्हणाली की समजा, वजाबाकी आली. धाकट्याला परातीत दोन पेले आणि थोडं पाणी द्या, या पेल्यातून त्या पेल्यात ओतत बसेल. सांडलेलं पुसायला त्याचंच छोटं फडकं. वापरलेलं पाणी कुंडीत. पिंपावर, बादलीवर झाकण हवंच आणि पाण्यापाशी त्याला क्षणभरही एकटा सोडायचा नाही.

आणि सोलापुरात राहून मुलांच्या हाती ताणा-बाणा, म्हणजे विणायचे उभे-आडवे धागे, दिला नाही तर काय दिलं? बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. वर आणि खाली अर्ध्या-अर्ध्या इंचावर नऊ-दहा खाचा मारा, त्यांतून जाड दोरा वर-खाली घट्ट ओढून घ्या. हा झाला ताणा. शिंप्याकडून चिंध्या आणा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा. फाडायचं काम मुलांचं, तो चर्रर्र आवाज त्यांना फार आवडतो. आता एक पट्टी घेऊन दोऱ्यांतून एकाखालून, एकावरून अशी न्यायची. दुसऱ्या ओळीला उलट: मघाशी वरून गेलो तिथे आता खालून. तिला हे एकदा करून दाखवा आणि शेजारी तुमचं स्वतःचं काहीतरी विणत बसा.

ती चुकणारच आहे. दुसरी ओळ पहिलीसारखीच नेईल. तुम्ही बोलू नका. तिसऱ्या ओळीला पट्टी दाबून बसवायला गेली की आधीच्या दोन पट्ट्या एकमेकींत घसरतील, विणच धरणार नाही. मग ती थांबेल, डोळे बारीक करून बघेल, उसवेल. एक मुलगी माझ्यासमोर अशी अकरा मिनिटं नुसती बघत बसली होती, एक बोट दोऱ्यावरून फिरवत, ओठ हलत होते, "वर, खाली, वर, खाली". मग तिने हळूच पट्टी ओढून काढली आणि पुन्हा सुरुवात केली. चूक दाखवणारं माणूस तिथे लागलं नाही, कापडानेच दाखवली. पेन्सिल फेकणाऱ्या मुलीला नेमकं हेच हवं असतं. तिच्या पानावर आजवर प्रत्येक चूक दुसऱ्याने लाल शाईने दाखवलेली आहे.

विणायला लागली की एक दिवस घरातली चादर उलटून दाखवा. आपल्या जेकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीत एका बाजूला जो रंग नक्षीत असतो, तो दुसऱ्या बाजूला बहुधा नक्षीमागच्या जमिनीला जातो. दोन्ही बाजू वापरता येतात त्या म्हणूनच. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे तिला दहा वर्षांनी कळलं तरी चालेल, रंग कसे उलटले हे आत्ता कळू द्या. तुमच्या घरात किंवा ओळखीत गिरणीत वा मागावर काम केलेलं एक तरी माणूस असेलच. जुनी गिरणी या शहरात 1877 मध्ये उभी राहिली, तेव्हापासून किती पिढ्यांचे हात त्या कामात गेले. अशा एखाद्या आजोबांना तिची पुठ्ठ्याची विण दाखवा आणि आडवा धागा नेणारा धोटा कसा पळतो, त्यातली सुताची कांडी कशी भरतात ते त्यांच्याकडून ऐका. शक्य झालं तर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एखादा हातमाग बघून या. स्वतः विणलेल्या मुलीला तिथे जे दिसेल ते नुसतं बघायला गेलेल्या मुलाला दिसणार नाही.

बाजारालाही तिला न्या. आपल्या बाजारात कानडी आणि तेलुगू कानावर पडतेच. कानडी बोलणाऱ्या भाजीवाल्या मावशींना पाचपर्यंत मोजायला सांगा: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. तेलुगू शेजारणीला विचारा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. "आई, दोघींचं पाच एकच आहे!" हे ऐकायला मिळेल. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे दारात मिळत नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, ते तिला एकेक करून मोजू द्या आणि घरी आल्यावर मातीत, काठीने, कसंही करून मांडू द्या. गच्चीत काठी उभी करून सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची सवय आत्ता लावलीत, तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गंमत आहे. त्या सुमारास एक-दोन दिवस सोलापुरात दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. चार महिने सावली मोजणाऱ्या मुलीला त्या दिवशी काय वाटेल!

आता लिहिण्याचं. पेन्सिल दोन-तीन महिने उचलून ठेवा. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात, चार पानं लिहून हात खरंच दुखतो, ती नाटक करत नव्हती. शहाबादी फरशीवर ओल्या ब्रशने मोठमोठी अक्षरं काढू द्या, उन्हात ती वाळून नाहीशी होतात, चुकलेलंही आणि बरोबर आलेलंही. परातीत रवा पसरून बोटाने गिरवू द्या, तोच रवा नंतर चाळून उपम्याला. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावायचं काम निघेल: मीठ, गूळ, शेंगा. त्या चिठ्ठ्या लिहायला ती स्वतः पेन्सिल मागेल. मागेपर्यंत थांबा. रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवणं मात्र चुकवू नका. लिहिण्याआधी ऐकणं लागतं.

दिवसाचं वेळापत्रक विचाराल तर सकाळी एक काम, चार-साडेचारला एक, बाकी मोकळं आणि संध्याकाळी बाहेर इतर मुलांत. हे शेवटचं मी जोर देऊन सांगते. भांडायला, राज्य घ्यायला, हरायला बरोबरीची मुलं लागतात, ती आई देऊ शकत नाही. रात्रीची कापाकापी आजपासून बंद. त्याऐवजी वहीत दोन ओळी लिहा: आज ती कशात रमली, कुठे अडली. उद्या काय द्यायचं ते त्या दोन ओळींतच सापडेल. तुम्ही मागितलेली यादी तीच.

सासूबाईंना धीर द्यायचा तर हे सांगा. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, मुलगी अजून मागे पडलेलीच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळ आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर दार बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला तेवढा जपून ठेवा. घरीच शिकत राहिली तरी चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसता येतं. आज यातलं काहीच ठरवायची गरज नाही. जूनमध्ये तिलाच एखादी शाळा दाखवून आणा, बघू द्या तिला.

रंगवलेले तांदूळ उरले असतील तर बाटलीत भरून घट्ट बूच लावा, धाकट्याला वाजवायला होतील. आणि पुढच्या वेळी नळाला पाणी येईल तेव्हा पिंप भरायच्या आधी तिघींनी, म्हणजे तुम्ही, सासूबाई आणि लेक, किती कळशा लागतील त्याचा आकडा सांगा आणि खडूने दारामागे लिहून ठेवा. कुणाचा जवळ आला ते मला कळवा.